तार मुरायची आहे

—नाही हो, माझे नाहीत. माझे कान ठणठणीत आहेत. बायकोचे. ती आत आहे, त्या काचेच्या खोलीत, कानांना काळे डबे लावून — टुंग वाजलं की बटण दाबायचं, टुंग वाजलं की बटण दाबायचं, अर्धा तास हेच. तुमच्या डाव्या कानात कापूस दिसतोय. थांबा, मग मी या बाजूला येऊन बसतो, नाहीतर कापसाशीच बोलत बसायचो. हं. आता येतंय ऐकू? यायलाच पाहिजे. माझा आवाज मोठा आहे, मला माहितीये, ती मघाची नर्स दोनदा बोट ओठांवर ठेवून गेली. मोटारींच्या दुकानात एकतीस वर्षं काढली की माणूस कानगोष्टसुद्धा चौकात उभं राहून सांगितल्यासारखी सांगतो.

मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत. पाण्याचे पंप, पंखे, मिक्सर — जळाले की आतली जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळायची. तांब्याची तार. हे बोट बघा, हे असं वाकडं आहे ना, ते तारेनंच केलंय. डोळे मिटून चिमटीत तार द्या, जाडी सांगतो. आणि हे सगळं मी तुम्हाला फुशारकी म्हणून सांगत नाहीये, उलट — आता पुढे जे सांगणार आहे ना, ते कळायला हे माहीत असलेलं बरं. म्हणजे हा गाढवपणा कुणा अडाण्यानं केलेला नाही. चांगल्या अनुभवी, नावाजलेल्या माणसानं केलाय.

घरी स्टिरिओ आहे. खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पीकर, मधे कपाटावर बाकीचं सामान, आणि समोर दोन खुर्च्या. माझा एवढाच शौक. दारू नाही, पत्ते नाहीत. बायको म्हणायची, दारू परवडली असती, निदान जागा तरी कमी लागते. आमच्या भागात स्टिरिओच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथे एक गृहस्थ बसतो, त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. डॉक्टर नाही तो, तारा विकतो. पण पांढरे हातमोजे घालून विकतो. त्यानं मला विचारलं, स्पीकरला तार कसली लावलीत? म्हटलं, तांब्याची, माझ्या दुकानातलीच, जाड. त्यानं डोळे मिटले. एवढंच केलं — डोळे मिटले आणि मान हलवली, एखाद्याच्या घरी काही वाईट घडल्याचं कळावं तशी. म्हणाला, तुम्ही गाणं ऐकलंच नाहीये अजून. चांदी लावा.

आता मला सांगा, चांदी आणि तांबं यांतला फरक मला माहीत नाही? शंभरात सहा! चांदी तांब्यापेक्षा वीज बरी वाहते ती शंभरात सहानं, बस्स. आणि तीन मीटरच्या जाड तारेत ते सहा म्हणजे काय? काही नाही. मीटर लावून बघा, काटा जागचा हलत नाही. हे मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगतो, फळ्यावर आकडे मांडून सांगतो. आणि तरी घेतली. का घेतली? त्यानं एक शब्द वापरला म्हणून. मुरणं. तार लावल्या लावल्या कळणार नाही म्हणाला, तार मुरू द्या. दोनशे तास. दोनशे तास गाणं वाजू द्या तिच्यातून, मग बोलू. अहो, एकतीस वर्षांत माझ्या हातांखालून एवढी तार गेलीय की अख्ख्या वस्तीला वेढे बसतील, आणि त्यातली एकही मुरली नाही. जळल्या, तुटल्या, उंदरांनी कुरतडल्या — मुरली एकही नाही. पण त्यानं असं हळू आवाजात सांगितलं ना, हातमोज्यातल्या हातानं ती तार माझ्या तळहातावर ठेवली — मला वाटलं, असेल बुवा. पंपातली तार वेगळी, गाण्यातली वेगळी.

रविवारी सकाळी लावली. जुनी काढली, ही लावली, फार तर दहा मिनिटांचं काम. सुंदर दिसत होती, पांढरी वेणी घातल्यासारखी विणलेली, दोन्ही पदर अगदी सारखे. बायकोला हाक मारली. म्हटलं, ये, बस, तुझी ती आवडती लाव. तिची एक जुनी रेकॉर्ड आहे, एक बाई गाते, मागे फारसं काही वाजत नाही, नुसता गळा. ही तिच्या खुर्चीत बसायची आणि म्हणायची, बाई बरोब्बर तिथे बसलीय, दोन स्पीकरच्या मधोमध, त्या कपाटाच्या जरा पुढे. डोळे मिटून बोटानं दाखवायची. गाण्यातलं कळतं तिला — गाणं शिकवते ना. म्हणजे शिकवायची. ते सांगतो. तर त्या दिवशी बसली, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. म्हणाली, बाई कुठे गेली?

म्हटलं, कोण बाई? म्हणाली, अहो गाणारी. मधे नाहीये ती. आवाज येतोय, पण ती बसलेली नाहीये कुठेच. खोलीभर नुसतं पसरलंय.

मी हसलो. मोठ्यानं हसलो, माझं हसणं कसं असेल ते तुम्ही ओळखा. म्हटलं, अगं, हेच तर! भिंती गळून पडल्यात! पूर्वी ती एका कोपऱ्यात कोंबून बसवली होती, आता मोकळी झाली. ही म्हणाली, मोकळी नाही, उठून गेलीय ती. आणि खालचा भरदार आवाजही तिच्याबरोबर गेलाय. म्हटलं, तार मुरायची आहे अजून.

हसताय ना? हसा. मीही हसतो आता. दोनशे तास मी ती तार मुरवली. घरी नसतानाही गाणं चालू ठेवून जायचो, शेजारी विचारायचे, कुणी आजारी आहे का. वहीत तास लिहायचो. मुरली मुरली म्हणून दोस्तांना बोलावलं, त्यांना खुर्चीत बसवून विचारलं, कळतोय ना फरक? आणि फरक होता हो! फरक होताच! मी काही खोटं बोलत नव्हतो. पूर्वीसारखं काहीच ऐकू येत नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर त्या डॉक्टरचा पत्तासुद्धा घेतला. फक्त ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणायची, बाई अजून आलेली नाही. दर वेळी. मला राग यायला लागला. चार लोकांसमोर एवढी तार कौतुकानं दाखवतोय आणि ही आपली — बाई आली नाही. एकदा मी म्हणालो, बाई आलीये, तुझे कान गेलेत.

चिडून म्हणालो. एकदाच. मग परत एकदा. मग ते सोयीचंच पडायला लागलं — टीव्हीचा आवाज वाढवला, कान गेलेत. हाक मारल्यावर उशिरा ओ दिली, कान गेलेत. वास्तविक ती उशिरा ओ देते लग्नापासून. मी अशी काय हाक मारतो की तिनं धावत यावं? पण आठ महिने, रोज थोडं थोडं. गंमत म्हणून. गंमतच हो. म्हणजे मला तशी वाटत होती.

तर शिकवण्याचं. दुपारी सात मुली यायच्या तिच्याकडे, आठ-दहा वर्षांच्या, सतरंजीवर ओळीनं बसायच्या. वाद्य नाही, काही नाही, ही गाणार आणि त्या मागून म्हणणार. सात जणी एकदम गायला लागल्या की मला ती एकच गोंगाटाची भिंत वाटायची, पण ही बरोबर बोट करायची — तू, दुसऱ्या टोकाची, जरा वर चढव. केसाएवढं. आणि ती मुलगी वर चढवायची आणि काहीतरी व्हायचं, खोलीच नीट बसल्यासारखी वाटायची. एवढं मलाही कळायचं. मग दोन महिन्यांपूर्वी असंच एकीला म्हणाली, उतरतेयस तू. ती मुलगी म्हणाली, नाही उतरत. हट्टी होती. ही म्हणाली, परत म्हण. तिनं परत म्हटलं. ही म्हणाली, उतरतेयस. मुलगी रडायला लागली. आणि मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो — मला काय कळत होतं, उतरली का चढली? काही म्हणजे काही कळत नव्हतं. तरी मी आतून ओरडलो, अगं बरोबर आहे तिचं, तू आधी तुझे कान दाखव कुणाला तरी! मुली हसल्या. रडणारीसुद्धा हसली. मला वाटलं, चला, बरं झालं, हसली पोर.

ही हसली नाही. तिनं त्या दिवशीचं शिकवणं पुरं केलं. आणि दुसऱ्या दिवशी सातही मुलींच्या आयांना फोन केले — माझ्या कानांचा भरवसा राहिला नाही, पोरींना चुकीचं शिकवीन मी, दुसरी कुणीतरी बघा. एकामागून एक सात फोन. मी तिथेच होतो. म्हटलं, एवढं काय मनावर घ्यायचं? म्हणाली, नाही, तुम्ही इतके महिने सांगताय, काहीतरी असेलच. सतरंजी घडी करून माळ्यावर टाकली. तेव्हापासून घरात दुपारी एवढी शांतता असते ना — मी दुकानातून जेवायला जायचंच बंद केलं. तारीख मीच घेतली इथली. मीच. मला वाटलं, नवरा म्हणून आपलं कर्तव्य आहे. तीन आठवड्यांनी आजची मिळाली.

आता मंगळवारचं ऐका. डॉक्टर — तारांचा डॉक्टर, इथला नाही — तो म्हणाला होता, अधूनमधून तारेची टोकं स्पिरिटनं पुसत जा. तर मंगळवारी दुपारी दुकान बंद होतं म्हणून मी बसलो टोकं पुसत. पुसता पुसता एका पदराला, अगदी टोकाशी, एक काळा ठिपका दिसला. एवढासा. मोहरीएवढा. दुसऱ्या पदराला नाही. मग दुसऱ्या स्पीकरपाशी गेलो, तिथेही एका पदराला ठिपका. आणि इकडचा ठिपका स्पीकरच्या लाल खुंटीला लावलेला, आणि तिकडचा — तिकडचा काळ्या खुंटीला.

कळलं का काय झालं ते? सोपं करून सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो. दोन्ही स्पीकरचे पडदे एकदम पुढे आले पाहिजेत, एकदम मागे गेले पाहिजेत. एका बाजूची तार उलटी लागली की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एक ढकलतो, दुसरा ओढून घेतो. भरदार आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि मधे बसलेली बाई — मधे कुणी उरतच नाही. मी खात्री करायला टॉर्चमधला सेल काढला, तारेला टेकवला. हा पडदा टप् करून बाहेर. तिकडे गेलो, टेकवला. टप् करून आत. मी तिथेच फरशीवर बसलो. दोन्ही उलट्या लावल्या असत्या ना, तरी काही बिघडलं नसतं! पुरा गाढवपणा चालून गेला असता. मी अर्धा केला.

आणि हे कुणी केलं? ज्यानं एकतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही त्यानं. वाइंडिंगमध्ये दुसरं असतं काय? तार कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, सुरुवातीचं टोक कुठलं, शेवटचं कुठलं, हे लक्षात ठेवायचं. एक वेढा उलटा जोडला की मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. कुणी तशी मोटार आणून दिली तर मी म्हणतो, कुठल्या आंधळ्यानं भरलीय ही? आणि स्वतःच्या घरात आठ महिने मोटार गुरगुरत होती, तिला मी म्हणत होतो, मुरतेय.

लगेच नीट लावली. रेकॉर्ड ठेवली. बाई आली. अहो, अशी आली — कपाटाच्या जरा पुढे, बरोब्बर ही बोट दाखवायची तिथे. श्वास घेतलेला कळत होता. मला खरं सांगायचं तर रडू आलं, पण ते गाण्याचं नव्हतं. मग म्हटलं, आता शेवटपर्यंत बघूच. चांदी काढली आणि आपली जुनी, दुकानातली तांब्याची लावली. तीच बाई. तिथेच. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही. परत चांदी, परत तांबं, चार वेळा केलं. मनापासून प्रयत्न केला हो फरक ऐकायचा, एवढी तार घेतलीय म्हटल्यावर माणूस प्रयत्न करणारच. शून्य. चांदी पेटीत घालून ठेवून दिली. तांबंच राहू दिलं.

तिला? नाही, तिला नाही सांगितलं. सांगणार होतो. मंगळवारी संध्याकाळी सांगणार होतो, मग म्हटलं जेवण होऊ दे. बुधवारी म्हटलं, आता शनिवारी तपासणी आहेच, इथे सगळी मशिनं आहेत, तीच सांगतील कान उत्तम आहेत म्हणून. मग मी कशाला मधे? मशीन म्हणेल उत्तम, मी म्हणेन, बघ, उगाच घाबरलीस. ती परत सतरंजी काढेल. गोड शेवट. कुणाला काही — असं बघू नका हो माझ्याकडे. तुम्ही काय सांगितलं असतं? आठ महिने मी तुला वेडी ठरवली, एका ठिपक्यापायी, असं? तोंड उघडवत नाही. गिऱ्हाईक असतं तर सांगितलं असतं. गिऱ्हाईक परत जातं आपल्या घरी.

आणि तिला काही कळलंही नसतं. बुधवारी तर तिनं आपणहून रेकॉर्ड लावली, आठ महिन्यांत पहिल्यांदा. खुर्चीत बसून अख्खी बाजू ऐकली. मी दुकानात निघालो होतो, चपला घालत होतो. बाई आली नाही असं काही म्हणाली नाही. गुरुवारी परत. काल परत लावली आणि मला म्हणाली, बसताय का दोन मिनिटं? म्हटलं, घाईत आहे. आज सकाळी केस विंचरताना गुणगुणत होती चांगली, आणि बस थांब्यावर मला विचारते, अहो, अजून वेळ आहे, रद्द करायची का तपासणी? म्हटलं, छे, छे, एकदा होऊन जाऊ दे. म्हणाली, तुम्हाला काही बोलायचंय का? म्हटलं, बस आली, चढ.

थांबा.

थांबा जरा. तिचे कान जर चांगले आहेत — म्हणजे आहेतच, मला मंगळवारपासून माहितीये ते — तर तिला ऐकू आलं असेल की. मंगळवारी ती स्वयंपाकघरात होती! दार उघडं होतं! जी बाई उठून गेलेली पहिल्या मिनिटाला कळली, ती परत येऊन बसलेली कळली नसेल? म्हणूनच रेकॉर्ड लावत होती. रोज. माझ्यासमोर. तीन दिवस. अहो, चार दिवस ती वाट बघतेय मी कधी बोलतो त्याची, आणि मी — मी तिला बसमध्ये चढवून इथे आणली. आणि ती आलीसुद्धा. आत बसून बटणं दाबतेय. सगळं माहीत असून.

काही बोलू नका. तुम्ही बोलतच नाही म्हणा. पण काही बोलू नका.

उठली. बघा, डबे काढले कानांवरून. ती पोरगी हसून काहीतरी सांगतेय तिला, ही मान हलवतेय... आली.

ये, ये. झालं? बस इथे... हो का? दोन्ही? तिनं असं म्हटलं? एवढे चांगले कान महिन्याभरात पाहिले नाहीत — वा! अगं, मी म्हणतच हो... नाही. नाही, थांब. ते कागद ठेव आधी. मी म्हणत नव्हतो. मी उलटंच म्हणत होतो. तार मी उलटी लावली होती. एका बाजूची. पहिल्या दिवसापासून. बाई नव्हतीच मधे, तू बरोबर होतीस, आणि त्या मुलीचंही तूच बरोबर असणार, मला काय कळतं त्यातलं. मंगळवारी मला सापडलं आणि मी चार दिवस तोंड शिवून बसलो... हो. हो, माहितीये तुला माहीत आहे ते, आत्ता लक्षात आलं माझ्या, या बाकावर... चुकलो ग मी. तुझ्या कानांचं नाही, तुझं वाटोळं करत होतो मी, आणि हसत होतो वर... बोल ना. काहीही बोल. शिवी दे.

काय? फोन? कुणाला? ... सातही जणींना? मी? अगं, तू सांग ना त्यांना, तुझ्या ओळखीच्या आहेत त्या, मला तर धड... आत्ता? इथून? निदान घरी जाऊन... बरं. बरं, दे. पहिला कुणाचा, त्या रडणाऱ्या मुलीच्या आईचा? ... वाजतोय.

आणि तुम्ही काय ऐकत बसलात हो? तुमचा नंबर मघाच पुकारलाय, मीच ऐकलाय. उठा. जा ना आत! — हॅलो? हॅलो, मी गाण्याच्या बाईंचा नवरा बोलतोय...